महास्फोटाला साक्षीला उभं करू नका

एक युक्तिवाद हल्ली फार फिरतो. विश्वाला सुरुवात आहे हे विज्ञानानं दाखवलं. ज्याला सुरुवात असते त्याला कुणीतरी सुरू करणारा लागतो. म्हणून देव आहे. त्याचं दुसरं भावंडही तितकंच फिरतं. क्वांटम भौतिकीनं दाखवलं की शून्यातून विश्व आपोआप उपजू शकतं. म्हणून सुरू करणाऱ्याची गरज नाही. म्हणून देव नाही. पहिला युक्तिवाद कॅथलिक व्याख्यानांतून ऐकू येतो, दुसरा विज्ञानाच्या खपाऊ पुस्तकांतून. दोन्हीकडची मंडळी एकमेकांना अडाणी समजतात. माझं म्हणणं असं, की ही दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत. दोघांचीही भौतिकी कच्ची आहे आणि तत्त्वज्ञान त्याहून कच्चं.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे ती ओळींच्या मधे शोधत बसायला नको. मी कॅथलिक नाही. देव मानत नाही. बरीच वर्षं भौतिकी शिकवण्यात गेली. तरीही या लेखात मी एका कॅथलिक धर्मगुरूची आणि एका कॅथलिक संताची बाजू घेणार आहे, आणि तीही प्रसंगी एका पोपच्या विरुद्ध. ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे एक लांबलचक भाषण केलं. विषय होता आधुनिक विज्ञानाच्या प्रकाशात ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे. दूरच्या दीर्घिकांची ताम्रसृती, किरणोत्सर्गावरून काढलेलं खडकांचं वय, वाढत जाणारी एन्ट्रॉपी अशी सगळी सामग्री त्यांनी मांडली. ब्रिटिश गणिती एडमंड व्हिटकर यांचा आधार घेतला. आणि निष्कर्ष काढला तो असा, की आजचं विज्ञान एका झेपेत लाखो शतकं मागे जाऊन त्या आदिम ‘प्रकाश होवो’ या उद्गाराचं साक्षीदार झालं आहे. निर्मिती काळात घडली. म्हणून निर्माता आहे. म्हणून देव आहे.

पायस यांच्यावर अन्याय नको. हे सगळे निष्कर्ष अजून तपासले जायला हवेत आणि निखळ सिद्धतेसाठी विज्ञानाच्या पलीकडचे युक्तिवाद लागतात, असं त्याच भाषणात त्यांनी म्हटलेलं आहे. त्यांना खगोलशास्त्रात मनापासून रस होता. पण भाषणाचा ठेका एक सांगतो आणि तळटीपेसारखी येणारी सावधगिरी दुसरं. लोकांच्या लक्षात ठेकाच राहतो. जगभरच्या वर्तमानपत्रांनीही तोच उचलला. जॉर्ज गॅमोसारख्या मिस्कील शास्त्रज्ञानं तर पुढच्या वर्षी आपल्या शोधनिबंधात पोपमहाशयांचा हवाला देऊन मजा करून घेतली. भौतिकीच्या नियतकालिकात पोपची साक्ष! थट्टेला याहून चांगली संधी कुठली?

या भाषणानं ज्याला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, तो माणूस नास्तिक नव्हता. तो होता फादर जॉर्ज लमेत्र, म्हणजे ज्याच्या कल्पनेवर हे सगळं उभं होतं तोच.

लमेत्र बेल्जियमचे. जन्म १८९४. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते. १९२३ साली धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि लगेच केंब्रिजला एडिंग्टनकडे, मग अमेरिकेला हार्वर्ड आणि एमआयटीला गेले. १९२७ साली ब्रुसेल्सच्या एका फ्रेंच नियतकालिकात त्यांनी निबंध लिहिला. आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व निघतं हे त्यात होतं, आणि दीर्घिकांचा दूर जाण्याचा वेग त्यांच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो हेही. हबलचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर दोन वर्षांनी आला. त्याच वर्षी भेट झाली तेव्हा आइनस्टाइननं त्यांना सुनावलं, की गणित बरोबर आहे, पण भौतिकी भयानक. पुढे आइनस्टाइनलाच प्रसरण मान्य करावं लागलं. २०१८ मध्ये जागतिक खगोल संघटनेनं हबलच्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली, तेव्हा उशिरा का होईना, हिशेब थोडा चुकता झाला.

मे १९३१ मध्ये ‘नेचर’मध्ये लमेत्र यांचं एक छोटंसं पत्र छापून आलं. क्वांटम सिद्धान्ताच्या दृष्टीनं जगाचा आरंभ कसा असेल, हा त्याचा विषय. सगळी ऊर्जा एकाच क्वांटममध्ये एकवटलेली असेल, तर तिथे स्थळ आणि काळ या शब्दांनाच अर्थ उरणार नाही. तो क्वांटम फुटू लागल्यावर हळूहळू ते अर्थपूर्ण होतील, अशी ती कल्पना. यातूनच पुढे ‘आदिअणू’ आणि शेवटी महास्फोट. या पत्राच्या टंकलिखित मसुद्यात शेवटी एक परिच्छेद होता. जो सर्वोच्च सत्ता मानतो तो देव मुळातच लपलेला आहे असंही मानतो, आणि आजची भौतिकी निर्मितीवर पडदा घालते याचा त्याला आनंदच वाटेल, असा त्याचा आशय. हा परिच्छेद लमेत्र यांनी छापायला देण्याआधी खोडला.

त्या खोडलेल्या ओळींकडे नीट पाहा. महास्फोट हा निर्मितीचा पुरावा आहे असं त्या म्हणतच नाहीत. त्या म्हणतात पडदा. खिडकी नव्हे, पडदा. शिवाय तेवढंही म्हणणं भौतिकीच्या नियतकालिकात नको, असं लेखकानं ठरवलं. मला यात धर्मगुरूचा संकोच दिसत नाही, शास्त्रज्ञाची शिस्त दिसते. आणि भक्ताचीही. कारण ज्याचा देव लपलेला आहे, त्याला तो दुर्बिणीत सापडल्याची घोषणा कशी रुचावी?

पायस यांच्या भाषणानंतर लमेत्र रोमला गेले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनिएल ओकॉनेल यांच्याशी बोलले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. बंद दाराआड नेमकं काय घडलं यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही. दारं उघडल्यावर जे दिसलं ते पुरेसं आहे. सप्टेंबर १९५२ मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोममध्ये परिषदेला जमले. पोपनी त्यांच्यापुढेही भाषण केलं. त्यात विश्वाच्या विशालतेची स्तुती होती, मानवी बुद्धीची होती. महास्फोटातून देव सिद्ध करण्याचा प्रयत्न मात्र नव्हता. आणि योगायोग पाहा: त्याच परिषदेत वॉल्टर बाडे यांनी जाहीर केलं की दीर्घिकांची आजवर मानलेली अंतरं चुकली आहेत, ती जवळपास दुप्पट आहेत. म्हणजे विश्वाचं वयही दुप्पट. तोवर हबलच्या आकड्यावरून विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास निघत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने ठरत होते! आज आपण १३.८ अब्ज वर्षं म्हणतो. ज्या सिद्धान्तात तेव्हा लेक आईपेक्षा थोरली निघत होती, त्यावर ईश्वराच्या अस्तित्वाची इमारत बांधायची घाई झाली होती.

१९५८ साली ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत लमेत्र यांनी आपली भूमिका उघडच मांडली. हा सिद्धान्त कुठल्याही पारमार्थिक किंवा धार्मिक प्रश्नाच्या संपूर्ण बाहेर आहे. जडवाद्याला तो देव नाकारायची मोकळीक ठेवतो, आणि श्रद्धाळूला देवाशी सलगी करण्याची वाट बंद करतो. हे वाक्य एका धर्मगुरूचं आहे, आणि तो पुढे १९६० पासून १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच व्हॅटिकन विज्ञान अकादमीचा अध्यक्ष होता. तरीही आज ‘बिग बँगचा जनक कॅथलिक पाद्री होता’ हे वाक्य लोक करंडकासारखं मिरवतात. करंडक मिरवायचा, आणि ज्यानं तो मिळवला त्याचं म्हणणं मात्र ऐकायचं नाही. त्यांचे विरोधकही कमी नाहीत: ‘पाद्रीच तो, त्याला बायबलातली उत्पत्ती विज्ञानात घुसवायची होती’. दोघांनाही लमेत्र यांच्या गळ्यातली पांढरी पट्टी दिसते, हातातली समीकरणं दिसत नाहीत.

आता संताकडे वळतो. कारण कुणी म्हणेल, लमेत्र हे आधुनिक काळातले सौम्य गृहस्थ, भांडण टाळणारे. मूळ कॅथलिक तत्त्वज्ञान तर सुरुवातीवरच उभं आहे ना?

नाही. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात यावरच जुंपली होती. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ अरबी भाष्यांसह नुकतेच युरोपात पोचले होते आणि ॲरिस्टॉटलच्या मते विश्व अनादी होतं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं तर जाहीर केलं होतं की देवानं काळाच्या आरंभी जग निर्माण केलं. बोनाव्हेंचरसारखे पंडित म्हणत, की निर्माण केलेलं आणि तरीही अनादी, हे शब्दच एकमेकांना खातात. जगाला सुरुवात आहे हे निव्वळ तर्कानं सिद्ध करता येतं. थॉमस ॲक्वायनस उभा राहिला आणि म्हणाला, येत नाही. जगाला सुरुवात आहे हे मी श्रद्धेनं मानतो, पण ते सिद्ध करता येणारं नाही. देवानं अनादी जग निर्माण केलं असतं तरी त्यात तार्किक विसंगती आली नसती. १२७० च्या सुमारास त्यानं यासाठी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आणि आपल्या मुख्य ग्रंथात एक इशारा देऊन ठेवला: श्रद्धेच्या गोष्टी सिद्ध करायला लंगडे पुरावे आणू नका, न मानणारे हसतील आणि त्यांना वाटेल की आपण अशाच पुराव्यांवर विश्वास ठेवतो. सातशे वर्षांनी गॅमो नेमका तसाच हसला.

ॲक्वायनसचा मुद्दा समजायला अवघड नाही, पण तो समजून घेतल्याशिवाय पुढचं सगळं निरर्थक आहे. कुंभार मडकं घडवतो आणि निघून जातो, मडकं राहतं. गायक गातो तेव्हा गाणं असतं; तो थांबला की गाणं संपलं. निर्मिती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंभार येतो. ॲक्वायनसच्या डोळ्यांपुढे गायक आहे. त्याच्या लेखी निर्मिती ही फार पूर्वी घडलेली घटनाच नाही. वस्तू या क्षणी असण्यासाठी दुसऱ्या कशावर तरी टेकून आहे, या नात्याचं ते नाव आहे. त्याला आवडणारं उदाहरण ऑगस्टिनचं: धुळीत एक पाऊल अनादिकालापासून रोवलेलं असेल, तर त्याखालचा ठसाही अनादी असेल. तरी तो ठसा पावलामुळेच आहे. आधी-नंतर नाही, पण टेकून असणं आहे.

यातून दुसरी गोष्ट निघते. बदल व्हायचा तर बदलणारं काहीतरी आधी हवं: कच्चा आंबा पिकतो, पाण्याची वाफ होते. निर्मितीत आधीचं असं काही नाहीच. म्हणून, ॲक्वायनस म्हणतो, निर्मिती हा बदल नव्हे. आणि भौतिकीचं सगळं काम बदलांचं आहे. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याचे नियम शोधणं, हाच तिचा धंदा. तेव्हा निर्मिती खरी असो वा कल्पित, ती भौतिकीच्या जाळ्यात सापडणारा मासा नाही.

आता महास्फोटाच्या साक्षीची उलटतपासणी करू. व्यापक सापेक्षतेची समीकरणं मागे मागे नेली तर एका टोकाला घनता अनंत होते. या टोकाला लोक ‘निर्मितीचा क्षण’ म्हणतात. पेनरोझ आणि हॉकिंग यांनी १९६५ ते १९७० या काळात सिद्ध केलं की काही अटी मानल्या तर हे टोक टाळता येत नाही. पण त्या टोकापाशी सिद्धान्त आपल्याला काय सांगतो? ‘इथे विश्व जन्मलं’ असं नाही. ‘इथे मी हात टेकले’ एवढंच. तिथे क्वांटम गुरुत्वाचा सिद्धान्त हवा आणि तो आपल्याकडे अजून नाही. सूत्रात भागाकार शून्यानं होऊ लागला, तर आपण वर्गात मुलांना सांगतो की गृहीतकं तपासा. इथे मात्र गुडघे टेकतात.

२००३ मध्ये बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांचं प्रमेय आलं. सरासरीनं प्रसरण पावत आलेलं अवकाशकाल भूतकाळात अनंतापर्यंत लांबवता येत नाही, असं ते सांगतं. जेझुइट फादर रॉबर्ट स्पिट्झर यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात या प्रमेयावर मोठी भिस्त ठेवली आहे. पुस्तकाच्या नावातच ‘ईश्वराच्या अस्तित्वाचे नवे पुरावे’ आहेत. पण प्रमेय सांगतं ते एवढंच, की त्या सीमेपाशी काय होतं हे सांगायला निव्वळ प्रसरण पुरत नाही, वेगळी भौतिकी लागते. वेगळी भौतिकी लागते, म्हणून भौतिकीच्या पलीकडचा कर्ता लागतो, ही उडी प्रमेयाची नाही. आणि एका जेझुइटानं ॲक्वायनसचा इशारा डावलून बोनाव्हेंचरच्या गोटात जावं, तेही दुर्बिणीच्या जिवावर, यातली गंमत त्यांच्या वाचकांच्या ध्यानात येत नसावी.

मराठी वाचकाला ही गोष्ट पटवायला मला दूर जावं लागत नाही. माझ्या पिढीला विश्वाची ओळख जयंत नारळीकरांनी मराठीतून करून दिली. २०२५ मध्ये ते गेले. तोवर, आधी फ्रेड हॉइलचे शिष्य म्हणून आणि मग सहकारी म्हणून, ते महास्फोटाच्या सिद्धान्ताशी झगडत राहिले. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या प्रारूपात विश्वाला सुरुवात नाही. ते आकुंचन-प्रसरणाचे फेरे घेत वाढत राहतं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि १९६५ साली सापडलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचं सर्वांत सरळ स्पष्टीकरण महास्फोटच देतो. पण क्षणभर समजा, उद्या नारळीकर बरोबर ठरले. मग काय, वसईच्या चर्चमधली प्रार्थना खोटी ठरणार? आयुकाच्या एखाद्या शोधनिबंधानं देव मरतो? आणि मरत नसेल, तर उलट निबंधानं तो जिवंत तरी कसा होतो? सुरुवातीच्या पुराव्यावर ज्यांनी देव बसवला आहे, त्यांना हा प्रश्न चुकवता येणार नाही. ॲक्वायनसला तो पडतच नाही.

आता दुसऱ्या भावंडाकडे. लॉरेन्स क्राउस यांचं शून्यातून विश्व उपजण्याविषयीचं पुस्तक २०१२ मध्ये आलं आणि रिचर्ड डॉकिन्सनी त्याला उपसंहार लिहिला. काहीही नसण्याऐवजी काहीतरी का आहे, या जुन्या प्रश्नाला विज्ञानानं उत्तर दिलं, असा त्याचा आव आहे. पुस्तक उघडलं की कळतं, क्राउस यांचं ‘शून्य’ म्हणजे क्वांटम निर्वात. निर्वातात क्षेत्रं असतात, ती क्षेत्रं नियम पाळतात, त्यांत चढउतार होतात, आणि त्या चढउतारांतून कण उपजतात. उत्तम भौतिकी आहे ही. मी स्वतः आवडीनं शिकवली आहे. पण जिथे क्षेत्रं आहेत आणि नियम आहेत, तिथे शून्य कुठे आहे? खिशात पैसे नाहीत पण बँकेत आहेत, अशा माणसाला कुणी निर्धन म्हणत नाही. भौतिकीचे तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी पुस्तक आलं त्याच वर्षी परीक्षणात नेमकं इथेच बोट ठेवलं होतं, आणि ते काही चर्चचे वकील नव्हते. विलेंकिन यांच्या १९८२ च्या प्रारूपात अवकाशकालही उरत नाही, हे खरं. पण नियम उरतात. नियम म्हणजे काहीतरीच.

हॉकिंग यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९८१ मध्ये व्हॅटिकनमध्येच भरलेल्या विश्वशास्त्राच्या परिषदेत त्यांनी सीमारहित विश्वाची कल्पना पहिल्यांदा मांडली. १९८३ मध्ये हार्टल यांच्यासोबत तिला आकार दिला. या विश्वाचा भूतकाळ मर्यादित आहे, पण त्याला पहिला काठ नाही, जसा पृथ्वीच्या गोलाला काठ नाही. १९८८ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ते विचारतात, मग निर्मात्याला जागा कुठे? त्याच पुस्तकात ते मिस्कीलपणे असंही सांगतात, की त्या परिषदेत पोपनी शास्त्रज्ञांना महास्फोटाच्या क्षणाचाच शोध घेऊ नका असं बजावलं होतं. पोप जॉन पॉल दुसरे यांचं ३ ऑक्टोबर १९८१ चं छापील भाषण उपलब्ध आहे. त्यात मनाई सापडत नाही. त्यात असं आहे, की आदिअणूसारखी कुठलीही वैज्ञानिक कल्पना विश्वाच्या आरंभाचा प्रश्न खुलाच ठेवते; एकट्या विज्ञानानं तो सुटत नाही. म्हणजे कॉपी करू नका असं सांगितलं, आणि मुलानं घरी सांगितलं की परीक्षाच बंद केली. जॉन पॉल यांनी तर १९८८ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक जॉर्ज कॉइन यांना लिहिलेल्या पत्रात धर्मपंडितांनाच तंबी दिली, की महास्फोटासारख्या ताज्या सिद्धान्तांचा देवाच्या वकिलीसाठी घाईघाईनं वापर करू नका. सदतीस वर्षांपूर्वीच्या भाषणाला दिलेलं ते उत्तरच होतं.

हॉकिंग आणि पायस यांच्यात म्हणूनच मला फरक दिसत नाही. दोघांच्याही डोळ्यांपुढे देव म्हणजे फटाक्याची वात पेटवणारा. पायस म्हणतात वात सापडली, हॉकिंग म्हणतात वात नाहीच. ॲक्वायनस विचारेल, तुम्ही दोघे कुणाबद्दल बोलताय?

असाच बादरायण संबंध क्वांटम आणि कार्यकारणाचा. किरणोत्सर्गी अणू नेमका आत्ताच का फुटला याला कारण नाही, म्हणून ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ हे कॅथलिक तत्त्वज्ञान कोसळलं, असं सांगितलं जातं. कॅथलिक तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम यांनी १९७१ मध्ये केंब्रिजच्या प्राध्यापकपदाच्या उद्घाटनपर व्याख्यानात यातली गफलत उघडी केली. कारण असणं म्हणजे परिणाम अटळ असणं नव्हे. किरणोत्सर्गी पदार्थाजवळ गायगर गणक ठेवला, तो ठरावीक वेळा वाजला तर स्फोट होईल अशी जोडणी केली. स्फोट होणार की नाही हे ठरलेलं नव्हतं. पण झाला, तर तो कशामुळे झाला हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. अँस्कम यांचं म्हणणं चूक असू शकतं. पण ते खोडायला तत्त्वज्ञान करावं लागेल; श्रोडिंगरच्या समीकरणाकडे बोट दाखवून भागणार नाही. उलट बाजूनंही हेच. हायझेनबर्गनी क्वांटम शक्यतांची तुलना ॲरिस्टॉटलच्या ‘सुप्त सामर्थ्या’शी केली, म्हणून ॲरिस्टॉटल जिंकला असं नाचणाऱ्यांनी थोडं थांबावं. तुलना म्हणजे पुरावा नव्हे.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. कुठल्याही निरीक्षणानं खोटा ठरू शकत नाही असा देव म्हणजे पळवाट नाही का? गॅलिलिओनंतर जमीन सुटत गेली, म्हणून शेवटी आकाशाच्याही पलीकडे बिऱ्हाड हलवलं, असंच ना? हा आक्षेप अनेक धर्ममतांना लागू पडतो. ॲक्वायनसच्या या मुद्द्याला पडत नाही, कारण त्यानं ही जागा गॅलिलिओच्या साडेतीनशे वर्षं आधी घेतली होती, हरल्यावर नव्हे. शिवाय पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं १८७० मध्ये सांगून टाकलं आहे की देव बुद्धीनं जाणता येतो. म्हणजे कॅथलिक पंथ स्वतःहून वादाच्या आखाड्यात उतरला आहे. तिथे त्याला पाडता येतं. फक्त आखाडा तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तिथे उतरायचं तर लंगोट तिथला हवा.

आपल्याकडे हे वाचून कुणी ‘बघा, त्यांचं कसं फसलं’ म्हणून खूश होऊ नये. नासदीय सूक्तात बिग बँग आहे, हे वाक्य मी किती समारंभांत ऐकलं याची गणती नाही. ज्या सूक्ताचा शेवट ‘हे सगळं कुठून आलं हे वर बसून पाहणाऱ्याला तरी ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल’ अशा शंकेवर होतो, त्या सूक्ताला तुम्ही प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर टांगता? शंकेतली सगळी भव्यता काढून घेऊन तिचा पुरावा करायचा, हा उद्योग रोममध्ये झाला तसा इथे रोज होतो. तिथे निदान एक लमेत्र निघाला.

यात बिघडतं काय, असं विचारणारे भेटतात. लोकांना विज्ञानातून देव दिसला तर दिसू दे की. बिघडतं ते सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीला लहानपणापासून सांगितलं होतं, की महास्फोटानं देव सिद्ध झाला आहे. तिनं प्रामाणिकपणे ते मानलं. भौतिकीकडे वळण्याचं तेही एक कारण होतं. पदव्युत्तर वर्गात सीमारहित विश्व, चक्राकार विश्व अशी प्रारूपं समोर आली तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, यातलं एखादं खरं निघालं तर मी काय करायचं?” तिला भीती वाटत होती. एका समीकरणाची! ज्यांनी तिला तो पुरावा दिला होता त्यांनी तिच्या श्रद्धेला आधार दिला नव्हता, पुढच्या शोधनिबंधाकडे गहाण टाकलं होतं. आणि तिच्या भौतिकीचंही नुकसान केलं होतं, कारण कुठलं प्रारूप खरं निघावं याची आशा ती आधीच धरून बसली होती. मी तिला लमेत्र यांचं १९३१ चं पत्र वाचायला दिलं, आणि खोडलेल्या परिच्छेदाबद्दल सांगितलं. ती अजून श्रद्धाळू आहे. आणि आता ती चक्राकार विश्वावरच काम करते, न घाबरता.

माझ्या बाजूच्या लोकांनाही हेच लागू आहे. हे जग आहे ते कशावर टेकून, या प्रश्नावर ॲक्वायनस जे उत्तर देतो ते मला पटत नाही. टेकायला काही हवंच, हे गृहीतकच मला मान्य नाही. जग आहे, आणि त्याच्या असण्यापाशी माझे ‘का’ संपतात, असं मी मानतो. पण हे माझं मत तत्त्वज्ञानाचं आहे. ते मी दुर्बिणीतून पाहिलेलं नाही, प्रयोगशाळेत मोजलेलं नाही. विज्ञानानं मला ते दिलं, असं मी वर्गात सांगितलं असतं तर पायस यांनी केलं तेच केलं असतं, फक्त उलट दिशेनं. विद्यार्थ्यांनी मला भौतिकी शिकवायचे पैसे दिले होते. माझी नास्तिकता त्या बिलात घालायचा मला अधिकार नव्हता.

तेव्हा ज्यांना देव हवा आहे त्यांनी तो जरूर मानावा, ज्यांना नको त्यांनी नाकारावा, आणि दोघांनी भांडावं, कडाकडा भांडावं. फक्त त्या भांडणात दीर्घिकांना ओढू नये. त्यांनी कुणाच्याही बाजूनं जबानी दिलेली नाही.